आधुनिक पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत : आपल्या कानांनी सुरुवात कुठून करायची?

तंबोरा_शहापूर

नमस्कार मंडळी. इथं गाण्यावर धागे भरपूर आहेत पण सगळे ख्याल, नाट्यसंगीत, अभंग नाहीतर जुन्या सिनेमाच्या गाण्यांवर. मला विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतावर बोलायचंय. बाख, मोझार्ट, बीथोव्हन नव्हे, त्यांच्यानंतर जे सगळं मोडलं आणि मोडून नवीन उभं राहिलं ते. लोक म्हणतात हा नुसता गोंगाट आहे. माझं म्हणणं आहे की सुरुवातच चुकीच्या दारातून झाली तर तसं वाटणारच.

ढोबळ नकाशा देते, जाणकारांनी भर घालावी. डेब्यूसीने १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात जावा बेटाचं गॅमेलान (तिथला घंटा-झांजांचा वाद्यवृंद) ऐकलं आणि हळूहळू त्याचं संगीत मेजर-मायनरच्या चौकटीतून सुटत गेलं. १९१३ मध्ये स्ट्राव्हिन्स्कीचं 'द राईट ऑफ स्प्रिंग' पॅरिसमध्ये पहिल्यांदा झालं तेव्हा थिएटरमध्ये इतका गदारोळ झाला की नाचणाऱ्यांना ऑर्केस्ट्रा ऐकू येईना. शोनबर्गने त्याच सुमारास मुख्य स्वर ही कल्पनाच काढून टाकली आणि १९२० नंतर बारा स्वरांची पद्धत बांधली (सप्तकातले बाराही स्वर एका ठरवलेल्या रांगेत, कुणी मोठा कुणी लहान नाही), त्याचे शिष्य बर्ग आणि वेबर्न. मग मेसियाँ, केज, बूलेज, श्टॉकहाउझेन, लिगेटी. आणि १९६० च्या दशकात अमेरिकेत उलटी लाट आली ती मिनिमलिझमची, रायली, राईश, ग्लास.

मी स्वतः किराणा घराण्याची तालीम घेणारी, तंबोऱ्यावर बसणारी, त्यामुळे मला मिनिमलिझमचं दार सोपं वाटलं. एक स्वर धरून ठेवणं, थोडकाच मालमसाला घेऊन सावकाश वाढवणं हे आपल्याला नवीन नाही. तुम्ही कुठून सुरुवात केलीत? नवीन माणसाला काय ऐकवाल?

निपाणीकर

ताई विषय चांगला आहे पण स्पष्ट बोलतो. शोनबर्ग मी ऐकलाय, दोनदा पूर्ण ऐकलाय, आणि मला त्यात काही सापडलं नाही. षड्जच नाही तर परत यायचं कुठं? आपलं सगळं गाणं समेवर आणि षड्जावर परत येण्याचा आनंद आहे. तोच काढून घेतला तर मागे काय उरतं ते मला कुणीतरी नीट समजावून सांगा. चेष्टा म्हणून विचारत नाही, खरंच विचारतोय.

कॅम्पवाला

निपाणीकर, प्रश्न योग्य आहे. मी व्हायोलिन वाजवतो, कॅम्पातल्या चर्चमध्ये शिकलो, त्यामुळे जरा वेगळ्या बाजूने सांगतो.

शोनबर्ग सोडा आत्ता. त्याच्या शिष्याचा, आल्बान बर्गचा व्हायोलिन कन्चेर्टो ऐका, १९३५ चा. पद्धत तीच बारा स्वरांची, पण त्याने स्वरांची रांग अशी लावलीय की तिच्यात ओळखीचे कॉर्ड एकातून एक निघत जातात. आणि व्हायोलिन सुरू कसं होतं माहितेय का, चार मोकळ्या तारांवरून, सा-प लावताना आपण जसं तार तपासतो तसं खालून वर आणि परत खाली. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता, कारण रोज सकाळी मी तेच करत असतो. मानोन ग्रोपियस नावाची अठरा वर्षांची मुलगी गेली, तिच्या आठवणीत लिहिलंय. शेवटाकडे बाखचं एक भजन (कोराल) हळूच उगवतं आणि ते बारा स्वरांच्या रांगेत बसतं सुद्धा. बर्गही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेला. तुमच्या "परत यायचं कुठं" ला हे उत्तर आहे असं मला वाटतं. परत येतो माणूस, पण लगेच नाही, आणि वाट फार लांबची असते.

चिकोडी_एक्सप्रेस

मी सध्या फक्त लिगेटी ऐकूलालोय 🙏 '२००१ अ स्पेस ओडिसी' पिक्चरमधून लागला नाद. त्याचं 'अ‍ॅटमॉस्फिअर्स' १९६१ चं आहे, त्यात ठेका नाही चाल नाही, नुसता आवाजाचा ढग सरकत जातो आणि आत बघायला गेलं तर प्रत्येक वाद्य वेगळं काहीतरी वाजवूलालंय, पण ते वेगळं ऐकू येतच नाही. हेडफोन लावून रात्री ऐका की एकदा, बाकी कुठलं दार बिर शोधायची गरज नाही.

गुरुजी_उगार

सर्वांना नमस्कार. माझं वय झालेलं आहे आणि माझं सगळं आयुष्य हिंदुस्थानी संगीतात गेलं, तरी हा धागा मी आवडीने वाचतो आहे.

शहापूरच्या ताईंनी किराण्याचा उल्लेख केला म्हणून एक जोडतो. टेरी रायली हे 'इन सी' चे रचनाकार, १९६४ ची रचना, ५३ लहान लहान स्वरवाक्यं, वाजवणाऱ्याने ती क्रमाने घ्यायची पण किती वेळा ते स्वतः ठरवायचं, इतरांना ऐकत ऐकत पुढं सरकायचं. हे रायली १९७० पासून पंडित प्राणनाथ यांच्याकडे शिकले. प्राणनाथ हे अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, म्हणजे किराणाच. मिरजेला राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब आणि वहीद खाँसाहेब एकाच घराण्यातले आप्त. कुंदगोळचे सवाई गंधर्व, हुबळीच्या गंगूबाई, गदगचे भीमसेन जोशी यांनी ज्या झाडाची फळं आपल्याला दिली त्याचीच एक फांदी कॅलिफोर्नियात गेली. आपल्याकडे हे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

तंबोरा_शहापूर

गुरुजी फार छान! रायलींनी प्राणनाथांच्या मागं बसून साथ केलीय. आणि फिलिप ग्लास १९६० च्या दशकात पॅरिसमध्ये पंडित रविशंकरांचं सिनेमासंगीत नोटेशनमध्ये उतरवून द्यायला होता, तिथं अल्लारखाँसाहेबांकडून त्याला लयीचे छोटे छोटे तुकडे जोडून लांब आवर्तन कसं होतं ते कळलं. त्याचा ऑपेरा 'सत्याग्रह' १९८० मध्ये रॉटरडॅमला झाला, गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या दिवसांवर, आणि गाणं सगळं संस्कृतात, भगवद्गीतेतून. बेळगावकरांनी तर ऐकायलाच हवा, १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाला गांधीजी अध्यक्ष होते आणि लहानग्या गंगूबाईंनी तिथं स्वागतगीत गायलं होतं.

खानापूरची_लेक

मी शाळेत शिकवते, संगीताची शिक्षिका नाही पण मुलांकडून भजन बसवून घेते. स्टीव्ह राईशचं 'क्लॅपिंग म्युझिक' (१९७२) मी मुलांना करायला दिलं आणि त्यांना ते इतकं आवडलं की मधल्या सुट्टीत पण चाललेलं असतं. वाद्य लागत नाही, पैसे लागत नाहीत, फक्त दोन गट.

कसं ते लिहिते. बारा मात्रा. तीन टाळ्या एक मोकळी, दोन टाळ्या एक मोकळी, एक टाळी एक मोकळी, दोन टाळ्या एक मोकळी. एक गट हेच शेवटपर्यंत वाजवत राहतो. दुसरा गट काही आवर्तनं सोबत वाजवून एक मात्रा पुढं सरकतो, पुन्हा काही आवर्तनं, पुन्हा एक मात्रा, असं करत करत बारा वेळा सरकल्यावर दोघं परत एकत्र येतात. मधल्या प्रत्येक जागी नवीनच नक्षी ऐकू येते जी कुणीच एकटा वाजवत नसतो. आमच्याकडची मुलं वारकरी घरातली, हातात टाळ लहानपणापासून, त्यामुळे लय सुटत नाही. सरकायच्या क्षणी मात्र भले भले घसरतात, तिथं मी बोलून मात्रा मोजायला लावते.

निपाणीकर दादा, तुम्हाला सम हवी ना, ही बघा, बारा फेऱ्यांनी येणारी सम 🙂

निपाणीकर

ताई हे पटलं. हे आजच करून बघतो घरी पोरांबरोबर.

कॅम्पवाला

आता माझं मत जरा उलटं आहे ते मांडतो. ग्लास, रायली, केज यांचं आपल्याशी नातं आहे हे खरंच. केजला तर १९४६ मध्ये गीता साराभाईंनी भारतीय संगीत शिकवलं, त्याच्या 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' मध्ये तो नवरस मांडायला बघतो, पियानोच्या तारांत स्क्रू, बोल्ट, रबर अडकवून. मेसियाँने तर शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरातले १२० देशी ताल एका फ्रेंच कोशात बघितले आणि आयुष्यभर वापरले. १९४१ च्या जानेवारीत जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीत, थंडीत, त्याने स्वतः आणि तीन कैदी वादकांनी 'क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम' वाजवलं त्यात रागवर्धन ताल आहे, त्याची 'तुरंगलीला' सिम्फनी पण रत्नाकरातल्या तालाचंच नाव घेऊन उभी आहे. शार्ङ्गदेव देवगिरीच्या यादवांच्या दरबारात होता, म्हणजे आपल्याच मुलखातला.

पण मित्रांनो, त्यांनी आपल्याकडून काय नेलं एवढंच मोजत बसलो तर आपण त्यांना ऐकत नाही, स्वतःचीच पाठ थोपटतो. मेसियाँला भरतखंड कळलं म्हणून तो मोठा नाही. तो पक्ष्यांचे आवाज तासन्‌तास रानात बसून टिपून घ्यायचा, अत्यंत श्रद्धाळू कॅथलिक होता, त्याच्या रचनेत ते सगळं आहे.

म्हणून माझं दार वेगळं. बेला बार्टोक. आणि आपल्या भागातल्या माणसाला तर बार्टोकच, दुसरं नाव नको.

चिकोडी_एक्सप्रेस

का हो काका? बार्टोक म्हणजे ते पियानो शिकणाऱ्या पोरांची पुस्तकं लिहिलेला ना

कॅम्पवाला

तोच. 'मिक्रोकॉसमॉस', सहा भाग, १५३ तुकडे, पहिला भाग अगदी लहान मुलाला जमेल असा आणि सहावा मैफलीत वाजवायचा. पण सांगतो का ते. लांब होईल, वाचा.

बार्टोक १८८१ मध्ये तेव्हाच्या हंगेरीत जन्मला. ते गाव पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या तहात रोमानियात गेलं. घर तिथंच, माणसं तीच, सरहद्द हलली. आता इथं बसून वाचणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

हा माणूस १९०६ पासून मेणाच्या नळकांड्यांवर रेकॉर्ड करणारा एडिसन फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी फिरला, आधी कोडाय या हंगेरियन रचनाकारासोबत आणि मग एकटा. हंगेरियन गाणी, स्लोव्हाक गाणी, रोमानियन गाणी, हजारोंनी. १९१३ ला अल्जिरियात बिस्क्राला गेला, १९३६ ला तुर्कस्तानात. आणि त्याच्या लक्षात काय आलं, की शेजारी शेजारी राहणाऱ्या लोकांची गाणी एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की मूळ कुणाचं हे सांगताना शंभर वेळा विचार करावा लागतो, आणि मिसळल्यामुळंच ती सकस असतात. रोमानियन गाण्यांवर लिहिलं म्हणून हंगेरीत त्याच्यावर टीकेची झोड उठली, देशाशी बेइमानी केली म्हणून. तिकडं रोमानियातही सगळे खूश नव्हतेच. त्याने १९३१ च्या एका पत्रात लिहिलंय की युद्धं आणि भांडणं असूनही लोकालोकांमधलं बंधुत्व हीच माझ्या कामामागची मुख्य कल्पना आहे आणि म्हणून कुठल्याही झऱ्याचं पाणी मी नाकारत नाही, झरा स्वच्छ असला म्हणजे झालं.

'रोमानियन लोकनृत्यं' ऐका, १९१५ ची, पियानोवर, सगळी मिळून पाचसहा मिनिटांत संपतात. मूळ नावात "हंगेरीतली" असा शब्द होता, तो प्रांत रोमानियाला गेल्यावर त्याने तो काढला. माझ्या मते आधुनिक संगीतात शिरायला याच्याइतकी सोपी आणि खरी जागा नाही.

संपादक_मदतनीस

कॅम्पवाला यांचा प्रतिसाद उत्तम. सर्वांना विनंती, सीमाप्रश्नाची चर्चा या धाग्यावर नको, त्याला वेगळे धागे आहेत. संगीतावरच राहू.

गुरुजी_उगार

कॅम्पवाले साहेब, आपला प्रतिसाद वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो, कारण मला वाचताना एकसारखे कुमारजी दिसत होते.

कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, आपल्याच बेळगावजवळच्या सुळेभावीचा, घरातली भाषा कन्नड. शिक्षण मुंबईत देवधर मास्तरांकडे. मग क्षयरोग झाला, देवासला जाऊन राहिले, कित्येक वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून ते माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत होते, पुढं त्यांनी ती गोळा केली, त्यांच्यावर कार्यक्रम केले. पण महत्त्वाचं म्हणजे त्यांनी लोकगीत उचलून ख्यालात घातलं नाही. त्या धुनांच्या आत कुठला राग दडलाय ते शोधलं आणि त्यातून धुनउगम राग आले, मालवती, लगनगांधार, सहेली तोडी, अहिमोहिनी. १९६५ च्या 'अनूपरागविलास' मध्ये या सगळ्या कामाचा मोठा भाग आहे. लोकांनी तेव्हा त्यांनाही कमी बोललं नाही.

म्हणजे कन्नड घरात जन्म, मराठीत नाव झालं, माळव्याच्या बोलीतून राग. बार्टोक यांनी कुमारजींना ऐकलं असतं तर काय झालं असतं असं माझ्या मनात येतं.

कॅम्पवाला

गुरुजी, काय बोलू. हे मला सुचलंच नव्हतं, आणि हे अगदी नेमकं आहे. बार्टोकनेही तीन पायऱ्या सांगितल्यात. पहिली, लोकगीत जसंच्या तसं घेऊन त्याला साथ लावणं. दुसरी, तशीच चाल स्वतः बनवणं. तिसरी, ना लोकगीत ना नक्कल, पण खेड्यातल्या संगीताची हवा त्या रचनेत आपोआप असणं, कारण ते व्याकरण रचनाकाराची मातृभाषा झालेलं असतं. कुमारजी सरळ तिसऱ्या पायरीवर.

ती तिसरी पायरी ऐकायची असेल तर १९३६ चं 'म्युझिक फॉर स्ट्रिंग्ज, पर्कशन अँड सिलेस्टा'. पहिला भाग व्हायोला एकट्याने सुरू करतं, अगदी हळू, मग एकेक वाद्यगट तीच चाल वेगळ्या स्वरावरून उचलतो, वाढत वाढत टोकाला जातं आणि परत पहिल्या स्वरावर येऊन मिटतं. निपाणीकर, इथं तुमचा षड्ज आहे, आणि तो किती दूर नेऊन परत आणलाय ते बघा. लोकगीत यात एकही नाही.

तंबोरा_शहापूर

मिनिमलिझमचं दार मी सोडत नाही 🙂 पण बार्टोक पहिला हे मान्य. आणि 'राईट ऑफ स्प्रिंग' सुरू होतं त्या बसून (bassoon) नावाच्या फुंकवाद्याच्या उंच सुरातली चालसुद्धा लिथुएनियन लोकगीताच्या संग्रहातली आहे. म्हणजे ज्या रचनेला सगळ्यात रानटी म्हणून हिणवलं गेलं तिचं पहिलं वाक्यच कुणा खेडेगावातलं.

तंबोरावाल्यांसाठी आणखी एक. जेरार ग्रिझे, फ्रेंच, स्पेक्ट्रल पद्धतीचा. त्याच्या १९७५ च्या 'पार्तिएल' मध्ये ट्रॉम्बोनचा एक खालचा स्वर घेऊन त्याच्या आत कुठकुठले उपस्वर किती जोरात वाजतात ते मोजलं आणि मग प्रत्येक उपस्वर एकेका वाद्याला वाटून दिला. आपण खर्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार ऐकतो, तंबोरा नीट लागला की तो आपोआप निघतो, तेच याने अख्ख्या वाद्यवृंदात पसरवून ठेवलंय. पहिली काही मिनिटं मी डोळे मिटून तंबोऱ्याच्या आत बसल्यासारखी ऐकते. आणि आर्व्हो पेर्टचं 'श्पीगेल इम श्पीगेल' (१९७८), एक आवाज पायरी पायरीने चालतो आणि दुसरा फक्त त्या तीन मूळ स्वरांवर घंटेसारखा थांबून राहतो. यापेक्षा कमी साहित्यात कुणी काही मोठं केलंय का मला माहीत नाही.

खानापूरची_लेक

बायकांची नावं कुणीच घेतली नाहीत अजून. सोफिया गुबायदुलिना, तातार वडील, सोव्हिएत काळात तिच्या धार्मिक वृत्तीच्या संगीतावर अधिकाऱ्यांचा राग, तरी लिहीत राहिली. तिचा व्हायोलिन कन्चेर्टो 'ऑफरटोरियम' बाखला दिलेल्या एका राजाच्या चालीवर आहे, चाल दोन्ही टोकांनी एकेक स्वर कमी करत करत झिजवत नेलीय. फिनलंडची काइया सारिआहो, तिचा ऑपेरा 'ल'आमूर द ल्वँ' २००० साली झाला. आणि अमेरिकेची कॅरोलाइन शॉ, २०१३ मध्ये आठ आवाजांच्या 'पार्टिता' साठी पुलित्झर मिळालं तेव्हा ती फक्त तिशीची, त्या बक्षिसाच्या संगीत विभागातली सगळ्यात लहान विजेती. पार्टितात नुसतं गाणं नाही, बोलणं, कुजबुज, श्वास, घशातले आवाज सगळं आहे. आमच्या शाळेतल्या मुलींना ते फार जवळचं वाटलं.

चिकोडी_एक्सप्रेस

शॉ ऐकलं ताई. भारी आहे. लिगेटी एक दिवस बाजूला ठेवतो.

निपाणीकर

रिपोर्ट देतो. टाळ्या झाल्या, पोरं जिंकली मी हरलो, सरकायची जागा अवघड आहे. बर्गचा कन्चेर्टो ऐकला, पूर्ण समजला असं म्हणणार नाही पण शेवटी बाखची चाल आली तेव्हा थांबून ऐकत राहिलो, परत लावणार आहे. रोमानियन नृत्यं घरात सगळ्यांना आवडली, आईला तर तिसरं फारच.

गुरुजी_उगार

मीही नृत्यं ऐकली. तिसऱ्यात दीड स्वराची उडी आहे, आपल्या भैरवात कोमल रिषभावरून गांधारावर जाताना असते तशी, म्हणून मातोश्रींना जवळचं वाटलं असावं. चालही एकाच जागी घोळत राहते, विस्तार करायला हरकत नाही इतकी जागा तिच्यात आहे.

एक विचारायचं आहे. मिक्रोकॉसमॉसमध्ये विषम मात्रांचे तुकडे आहेत असं वाचलं. माझे तबल्याचे विद्यार्थी येतात, त्यांना ऐकवायचे आहेत. कुठले क्रमांक?

कॅम्पवाला

गुरुजी, सहाव्या भागाच्या शेवटी सहा बल्गेरियन लयीतले नाच आहेत, १४८ ते १५३. १४९ सात मात्रांचा, दोन-दोन-तीन, म्हणजे आपला रूपक चौथ्या मात्रेपासून धरला तर येतो तसा, पण लय फार चढी. १५० पाच मात्रांचा. १४८ आणि १५२ दोन्ही नऊचे, पण पहिला चार-दोन-तीन आणि दुसरा दोन-दोन-दोन-तीन, हे दोन एकामागून एक लावा म्हणजे मुलांना फरक हातावर मोजता येईल. १५३ शेवटी ठेवा, आठ मात्रा तीन-तीन-दोन अशा, तो संपल्यावर ती लगेच बोल लावायला लागतील.